सैल हाताने

जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात राश्टाट नावाचे गाव आहे. मायर आणि ग्रामेलश्पाखर या दोघांनी १८९० साली काढलेला कारखाना तिथे वाढला आणि त्यातल्या छर्ऱ्याच्या बंदुका जगभर गेल्या. त्या बंदुकांच्या नळकांड्यावर नखाएवढी एक खूण ठोकलेली असते. रोमन लोकांची शिकारीची देवता डायाना उभी आहे. धनुष्यबाण तिने टाकून दिले आहेत आणि हवाई बंदूक एका हाताने डोक्याच्या वर उचलून धरली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या तेलाने काळ्या पडलेल्या एका बोटाने ही खूण मला पहिल्यांदा दाखवली.

"बघ की, बाईनं धनुष्य टाकलंय," तात्या म्हणाले होते. "कुणी उचललं असंल गा ते?"

तात्या टर्नर होते. जन्मभर ऑइल इंजिनाचे सुटे भाग कातले. जमीनजुमला नव्हता, घराण्यात शिकार नव्हती, भिंतीवर सांबराचे शिंग नव्हते. बंदुकांचा संग्रह म्हटले की आपल्याकडे वाडा आठवतो, इनामदार आठवतात, मेलेल्या वाघाच्या मानेवर बूट ठेवून काढलेला फोटो आठवतो. तात्यांच्या बंदुका त्या जगातल्या नव्हत्या. स्प्रिंगच्या हवाई बंदुका, आणि परवान्यावरच्या तीन पॉइंट टू टू रायफली. वाघावर रोखायच्या नव्हेत अशा या सगळ्या लहान बंदुका. शिकायला केलेल्या, शिकवायला केलेल्या, नेम धरणे हेच ज्यांचे काम.

त्या त्यांच्याकडे चालत आल्या असेच म्हणावे लागेल. उरसात फुगे फोडायला लावणाऱ्याची स्प्रिंग तुटली की तो उद्यमनगरात येई. दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर तीच बंदूक तात्यांकडे राही आणि तो दुसरी घेऊन जाई. कुणाच्या आजोबांनी मुलाच्या हट्टापायी घेतलेली बीएसए कंपनीची बंदूक माळ्यावर सापडे. वाडा पाडायला निघालेल्या माणसाला भंगारवाल्याने लोखंडाचा भाव सांगितलेला असे. तात्या त्याहून थोडा जास्त देत. जुन्या बाजारात नळ्या, पाने, कुलपे यांच्या ढिगात एखादा दस्ता दिसला की ते खाली बसत आणि उरलेले अवयव शोधू लागत. पैशांनी संग्रह करणारा माणूस सुबक वस्तू निवडतो. तात्यांना निवड करता आली नाही. जे मोडले, जे टाकले गेले, ते त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते ठेवून घेतले.

चकचकीत करण्याचा मात्र त्यांना राग होता. जुन्या पोलादावर एक निळसर काळी झाक असते. ती घासून काढायची आणि वर नवा रंग चढवायचा, हे त्यांना वृद्ध माणसाच्या केसांना जबरदस्तीने कलप लावण्याइतके वाईट वाटे. गंज थांबवायचा, तेलाचे फडके फिरवायचे आणि उरलेले तसेच राहू द्यायचे. एका बंदुकीच्या दस्त्यावर कुणा मुलाने खिळ्याने स्वतःच्या नावाची अक्षरे कोरली होती. एकीचा मूळचा बीच लाकडाचा दस्ता मोडल्यावर कुठल्या तरी सुताराने शिसवी लाकडाचा नवा घडवून बसवला होता, जर्मन धातूला मराठी खांदा. ती त्यांची फार लाडकी. डायानाच्या कित्येक बंदुकांवर मागच्या बाजूला महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ते आकडे भिंगातून वाचून तात्या वहीत लिहीत आणि वरती शीर्षक देत : जन्म.

ही वही पुढे येणारच आहे. आधी त्या बंदुकीच्या पोटात काय असते ते सांगायला हवे, कारण ज्याला ते माहीत नाही त्याला या वस्तूंवर जीव का जडतो ते कळणार नाही.

नळी खाली मोडायची. मोडताना आतला दट्ट्या मागे सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. छर्रा नळीच्या तोंडाशी अंगठ्याने बसवायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दबून तापते आणि छर्ऱ्याला ढकलते. दारू नाही, आग नाही. छर्रा शिशाचा, कमरेला बारीक, मागून पोकळ. त्याची मागची पातळ कड हवेच्या दाबाने पसरते आणि नळीतल्या आट्यांना धरते, म्हणून तो गरगरत सरळ जातो. साडेचार मिलिमीटर जाड, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. जुन्या बंदुकांत दट्ट्याच्या तोंडाला चामड्याची वाटी असते. ते चामडे वाळले की हवा गळते आणि बंदूक दम लागल्यासारखी फुसकन् सुटते. दोन थेंब तेल पाजून एक रात्र उभी ठेवली की साठ-सत्तर वर्षांचे चामडे पुन्हा फुगते. गुराच्या कातड्याचा हा एवढा तुकडा इतकी वर्षे हवा अडवून धरतो, याचे तात्यांना अखेरपर्यंत नवल वाटे.

तेल जास्त झाले तर मात्र वेगळेच घडते. दाबलेली हवा इतकी तापते की तेलाची वाफ आतल्या आत पेटते, मोठा आवाज होतो आणि नळीतून धूर येतो. डिझेल इंजिन चालते ते याच तत्त्वावर; ठिणगी लागत नाही, दाबच पेटवतो. ज्याने आयुष्यभर ऑइल इंजिनाचे भाग कातले त्याला हे कुणी शिकवावे लागले नाही. पहिल्यांदा तसा धूर निघाला तेव्हा तात्यांना या बंदुका कळल्या, असे मला वाटते. "हे आपलंच इंजिन हाय," ते म्हणायचे. परदेशातून आलेली वस्तू त्यांच्या लेखी त्या क्षणी उद्यमनगरची झाली.

डायानाच्या २७ नंबरच्या बंदुकीत चाप अडवून धरायला तीन पोलादी गोळ्या असतात. ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. सबंध स्प्रिंगचा जोर त्या तीन गोळ्या पेलतात आणि बोटाच्या हलक्या दाबाने वाट मोकळी करून देतात. ती जुळणी सुटी करून फडक्यावर मांडली की तात्या बराच वेळ तिच्याकडे नुसते बघत बसायचे. कातकाम करणाऱ्याने दुसऱ्या कातकाम करणाऱ्याला दिलेली दाद होती ती. मध्ये भाषा नव्हती आणि समुद्र असून नसल्यासारखा होता.

आणि या बंदुकीने नेम धरणे खऱ्या रायफलीपेक्षा अवघड असते. लोकांना हे उलटे वाटते. स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते; दट्ट्या हवेच्या गादीवर आपटतो तेव्हा ती पुढे झेपावते. छर्रा अजून नळीतच असताना हे दोन्ही घडून जाते. जो तिला आवळून धरतो त्याच्या हाताचा ताण दर वेळी वेगळा असतो, आणि छर्रा दर वेळी वेगळीकडे जातो. तिला डाव्या तळहातावर नुसती टेकवायची, खांद्याशी जेमतेम लावायची आणि सुटताना तिला हवे तसे हलू द्यायचे. दर वेळी तेवढेच सैल. तात्यांनी गल्लीतल्या कितीतरी पोरांना हे शिकवले. ज्या पोरांच्या अंगात रग होती त्यांना ते सर्वांत उशिरा आले. दाबून धरली की चुकते, एवढेच ते म्हणायचे आणि पोराची पांढरी पडलेली बोटे एकेक करून उकलायचे.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या गुत्त्यांमध्ये एके काळी या बंदुकांचे सामने होत. भिंतीवर लोखंडी पत्रा, पत्र्याला जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचे भोक, भोकामागे घंटा. सहा-सात यार्डांवरून छर्रा भोकातून आरपार गेला की घंटा वाजे. दिवसभर कारखान्यात राबलेले कामगार संध्याकाळी तिथे जमत, दोन गुत्त्यांचे चमू एकमेकांशी भिडत. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिश सैन्याला घायकुतीला आणले होते. आपल्या सामान्य माणसाला नेम धरता येत नाही, या धास्तीने लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनानींनी गावोगाव लहान रायफलींचे क्लब काढायची चळवळ उभी केली. लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्या कारागिराने १९०४ मध्ये हवाई बंदुकीचे पेटंट घेतले आणि बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी, म्हणजे बीएसए, त्या घडणीच्या बंदुका काढू लागली. नळी मोडायची नाही, खालचा दांडा ओढायचा. तात्यांकडच्या सर्वांत जुन्या बंदुकीची घडण हीच.

मी ती हातात घेई तेव्हा त्या घंटेचा विचार मनात येई. घंटा वाजवणारे ते कामगार १९१४ साली काय वयाचे असतील? नेम तयार व्हावा म्हणूनच त्यांच्या हाती या बंदुका दिल्या होत्या, आणि तो नेम घेऊन ते फ्रान्सच्या चिखलात गेले. पुढच्या महायुद्धात, १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, बीएसएच्या स्मॉल हीथच्या कारखान्यावरच बॉम्ब पडले आणि ५३ कामगार मेले. आपल्याकडे बीएसए म्हणजे सायकल. चेन्नईत बनलेल्या त्या सायकलीवर शाळेला गेलेल्या किती जणांना ठाऊक असेल की त्या तीन अक्षरांत शस्त्रे दडलेली आहेत, आणि इंग्लंडातल्या मूळ कंपनीची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली ही होती?

हवाई बंदूक म्हणजे खेळणे, हेही पूर्वी खरे नव्हते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्डोनीची हवाई रायफल शस्त्र म्हणून वापरात घेतली होती; एकदा भरली की वीसएक गोळ्या, आवाज कमी, धूर नाही. तो वेगळा इतिहास आहे आणि मला इथे लहान बंदुकांशीच राहायचे आहे.

लहान बंदुकीने माणूस सहसा मरत नाही. पाखरू मरते. या बंदुकांसाठी शोक करायला बसलेल्याने हे आधी बोलायला हवे, नाहीतर तो शोक खोटा. या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध हवाई बंदुकीने एक चिमणी मारली होती. मुंबईत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाला खेळण्यातली छर्ऱ्याची बंदूक मिळाली. त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी पाखरू ओळखले, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. साल १९०८. मुलाचे नाव सालिम अली. त्याच्या एक-दोन वर्षे आधीची त्यांची एक नोंद आहे. तबेल्यात घरटे केलेल्या मादीजवळ येणारा नर त्यांनी टिपला. मादीने दुसरा नर आणला, तोही टिपला. सात दिवसांत आठ नर. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने मांडलेला तो हिशेब वाचताना अंगावर काटा येतो, आणि तरीही त्याच नोंदीत पुढचा शास्त्रज्ञ उभा आहे. मोजतो आहे, बघतो आहे. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव त्या पडलेल्या चिमणीवरूनच आहे.

सगळ्या पोरांच्या हातून सालिम अली घडत नाहीत. बहुतेकांच्या हातून फक्त चिमण्या मेल्या, बुलबुल मेले, खारी मेल्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावरही विहिरीच्या काठाने, बांधाबांधाने छर्ऱ्याच्या बंदुका फिरत राहिल्या, कारण त्यांना कुणी बंदूक समजत नव्हते. अरुणाचल प्रदेशात २०२१ च्या मार्चमध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून एक मोहीम सुरू झाली. लोकांनी आपापल्या एअरगन सरकारकडे स्वखुशीने जमा करायच्या, रानातली पाखरे वाचावीत म्हणून. दीड हजारांहून जास्त बंदुका जमा झाल्या. ज्या डोंगरी समाजांत शिकार रीतिरिवाजात मुरलेली, तिथल्या माणसांनी त्या आणून ठेवल्या. जमा झालेल्या बंदुकांच्या ओळींचे छायाचित्र मी तात्यांना दाखवले होते. मला वाटले, ते हळहळतील. त्यांनी चष्मा लावून एकेक बंदूक निरखली आणि म्हणाले, "झ्याक झालं. पर एकेक तरी ठिवा म्हणावं, कुणी तरी."

त्यांचे हे वाक्य मला पटते. पाखरे राहिली पाहिजेत, आणि ज्यांनी पाखरे मारली त्या वस्तूही कुठे तरी राहिल्या पाहिजेत. त्यांच्यावर सूड काढून काय साधणार? तात्यांच्या अंगणात आगपेटीची काडी, डब्याचे झाकण, चिंचोका यांच्यावर नेम धरायचा. वर झाडाकडे नळी उचललेली दिसली की बंदूक काढून घेतली जाई आणि पोर कितीही रडले तरी ती पुन्हा त्याच्या हाती लागत नसे. याबाबतीत ते कठोर होते आणि मला तो कठोरपणा त्यांच्या संग्रहाचाच भाग वाटतो.

आता त्या तीन रायफली.

पॉइंट टू टूचे काडतूस फार साधे. मागच्या कडेतच पेटणारा मसाला भरलेला; घोड्याची टाचणी मध्यावर बसत नाही, कडेवर आपटते. अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये काढलेले लांब काडतूस आजही जसेच्या तसे ऑलिंपिकमध्ये वापरतात. शिशाची गोळी, अडीच ग्रॅमच्या आसपास. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत एनसीसीत गेलेल्या हजारो मुलामुलींनी आयुष्यात पहिली आणि बहुधा शेवटची रायफल झाडली ती हीच. पोटावर झोपून, पंचवीस यार्डांवर, पाच गोळ्या. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत गेलेल्या एका मुलीने ती खाली ठेवली नाही. ती अंजली भागवत, २००० साली सिडनीत हवाई रायफलीच्या अंतिम फेरीत उतरलेली.

तात्यांकडे एक होती बीएसएची मार्टिनी, खालचा दांडा ओढून एकेक गोळी भरायची. दुसरी विंचेस्टरची पंपाची, जॉन ब्राउनिंगने आखलेली, अमेरिकेतल्या जत्रांत निशाण्याच्या दुकानांवर साखळीने बांधून ठेवत त्या जातीची. तिसरी झेकोस्लोव्हाकियातली ब्रनो. ब्रनो सर्वांत साधी दिसणारी आणि सर्वांत अचूक. या तिघी परवान्यावर होत्या. पिवळ्या पडलेल्या पुस्तकात त्यांचे क्रमांक, तात्यांचा फोटो, शिक्के. निवडणुका आल्या, आचारसंहिता लागली, की ठाण्यातून निरोप येई आणि तात्या त्यांना जुन्या धोतरात गुंडाळून जमा करून येत. महिन्याभराने परत आणताना दस्त्यावर नवा ओरखडा असे, नळीत दमटपणा. एका पावसाळ्यात मार्टिनीच्या नळीला आतून डाग पडला तो कायमचा. ते कुणाला काही बोलले नाहीत. घरी येऊन गरम पाणी, मग फडके, मग तेल, असे रात्रभर करत राहिले.

१९८३ पासून एका माणसाला तीन बंदुकांची मुभा होती. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यातली दुरुस्ती अमलात आली आणि तिनाच्या दोन झाल्या. जादा असलेली वर्षाच्या आत जमा करायची. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद निशाणेबाजीसाठी पॉइंट टू टू किंवा हवाई रायफल वापरत असेल तर त्याला ही मर्यादा नाही. पण तात्या कुठल्या क्लबात कधी गेलेच नव्हते. कायदा का झाला हे मला समजते. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळ्यांनी माणसे मरतात, त्याच दुरुस्तीत त्यालाही शिक्षा ठेवली आहे. या देशात बंदुका कमी असाव्यात, हे माझेही मत आहे. तरीसुद्धा त्या वर्षी तात्यांच्या घरी जे चालले ते मी पाहिले आहे.

तिघींपैकी एक. ते निवडत होते, म्हणजे रोज संध्याकाळी तिन्ही पेटीवर मांडून बसत. आम्हा सगळ्यांना वाटे, मार्टिनी जाईल, तिची नळी तशीही डागाळलेली. किंवा विंचेस्टर, तिचे भाग आता मिळत नाहीत. त्यांनी ब्रनो काढली. सर्वांत चांगली. मी कारण विचारले. ते म्हणाले, "तिला घर मिळंल. एखादं पोरगं सराव करंल तिच्यावर. ह्या दोघींना कोण नेतंय? पडून गंजतील." विक्रेत्याकडे देताना त्यांनी तिच्या मागच्या माशीचे माप एका चिठ्ठीवर लिहून दस्त्याला बांधले होते, नव्या धन्याला नेम बसवायला त्रास नको म्हणून.

तात्या गेल्यावर उरलेल्या दोघींचे काय झाले, हे सांगताना माझा आवाज चढतो. घड्याळ मुलाला मिळते, पुस्तके नातवाला, लेथ पुतण्याला. परवान्याची बंदूक कुणालाच आपसूक मिळत नाही, कारण ती एका माणसाच्या नावाशी बांधलेली असते आणि ते नाव संपले की तिला जागा उरत नाही. आधी ती जमा करायची. वारसाने अर्ज करायचा, त्याची चौकशी, त्याची गरज, त्याच्या घरातली सुरक्षित जागा. मुलगा पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो. त्याने अर्ज केला नाही आणि मी त्याला दोष देत नाही. दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा जुनाट हत्याराला कायद्यात सूट आहे. कुणीतरी सुचवले, नळीला आरपार भोक पाडून घ्या, म्हणजे भिंतीवर लावता येतील. ज्या माणसाने आयुष्यभर मोडलेल्या बंदुका चालत्या केल्या, त्याच्या घरी चालती बंदूक मोडायची, तेव्हाच ती घरात राहणार. सून हो म्हणाली नाही. त्या दोघी आज कुठल्या तरी मालखान्यात, कुठल्या तरी गठ्ठ्यात, क्रमांकाची चिठ्ठी बांधून पडल्या आहेत. विंचेस्टर उभी ठेवली आहे की आडवी, हा प्रश्न मला रात्री पडतो. तिला आडवी ठेवायला हवी.

हवाई बंदुकांना तर कागदच नव्हता. साडेचार मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोर, तर परवाना लागत नाही, असे २०१६ चे नियम सांगतात. कागद नसल्याने त्यांना ठाण्यात कुणी बोलावले नाही, आणि कागद नसल्यानेच त्यांची कुठे नोंदही उरली नाही. पावण्यारावळ्यांनी एकेक नेली. एक कुणाच्या फार्महाउसवर माकडे हाकलायला गेली. दोन-तीन भंगारात गेल्या असाव्यात. शिसवी दस्त्याची ती लाडकी कुठे आहे ते शोधूनही कळले नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात तलवारी आहेत, भाले आहेत, मोठ्या शिकारीच्या खुणा आहेत; राजाच्या हातातले शस्त्र जपायचे असते हे आपल्याला कळते. सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या, वालचंद हिराचंदांच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने आपल्याकडच्या पोरांसाठी एअर रायफली बनवल्या, त्यातली एखादी कुठल्या काचेच्या कपाटात आहे? उरसातल्या फुगेवाल्याची आहे? एनसीसीच्या रेंजवर हजारो खांद्यांनी झिजवलेली आहे?

नेमबाजीच्या खेळाची नोंद मात्र राहते. राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजाला ओलांडावी लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटरवर, पोटावर झोपून, जगज्जेत्या झाल्या. ते तात्यांनी पाहिले. रायफल पॉइंट टू टू, निशाण्याचे मधले वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. तात्यांनी पट्टीवर ते माप काढून, त्याच मापाचे वर्तुळ पितळी चकतीवर कातून भिंतीला ठोकले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून बघितले. पन्नास मीटर त्या खोलीत बसतच नव्हते. मग आम्ही दोघे चकती घेऊन बाहेर गेलो, मी ती धरून उभा राहिलो आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथून ओरडले, "दिसत न्हाई की रं!"

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ऑलिंपिकमध्ये त्याच अंतरावर, गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने अशा तिन्ही आसनांत ४५१.४ गुण करून कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते तात्यांनी पाहिले नाही. उभ्या आसनात त्याचा डावा हात रायफलीखाली कसा होता, ते मी पुन्हा पुन्हा पाहिले. पकड नव्हती. रायफल हातावर ठेवलेली होती.

वही माझ्याकडे आहे. सुनेने दिली. प्रत्येक बंदुकीला एक पान : जन्म, कुठून आली, कुणाची, काय मोडले होते, काय बसवले. स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळी किती. वॉशरचे माप, चामडे कुठल्या दुकानातले. बंदुका गेल्या आणि त्यांची मापे राहिली.

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आधी एका फुगेवाल्याचा फोन आला. तात्यांचा नंबर लागत नाही, म्हणून शोधत शोधत माझ्यापर्यंत पोहोचला होता. त्याला बातमी सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, माझी स्प्रिंग तुटली हो साहेब, आणि यात्रा तोंडावर आली. मी त्याला बंदुकीवरची खूण विचारली, मागचा आकडा विचारला, पान काढले आणि तारेची जाडी, व्यास, वेटोळी, सगळे वाचून दाखवले. उद्यमनगरात स्प्रिंगा वळून देणाऱ्याचा पत्ताही समासात होता. त्याने सगळे दोनदा म्हणवून घेतले. शेवटी विचारले, एकच करून घेऊ की जास्तीची एक घेऊन ठेवू? मी म्हटले, दोन घ्या. आणि चामडे बघून घ्या, पातळ घेऊ नका.